रेघेवर उभी अक्षरं

ओढ्यावर फरशीपूल झाला आणि बद्रीनाथाची सबब पाण्यात गेली. इतकी वर्षं त्याचं एकच पालुपद होतं, पोरगी शाळेत घालू, पण तिला ओढा कोण ओलांडून देईल? वस्ती शेतात, गाव ओढ्यापल्याड, आणि मिरगाचा पाऊस लागला की पाणी कमरेला यायचं. त्यात त्याच्या बायकोची, द्वारकाची, दोन लेकरं तापानं गेलेली. उरलेल्या शिवकन्येला पाण्याच्या भरवशावर सोडायची छाती बद्रीनाथाला नव्हती, आणि खरं बोलायचं तर द्वारकालाही नव्हती.

म्हणून द्वारकानं पोरीला घरीच शिकवलं. ती माहेरी चौथी पास झालेली. अंबडच्या बाजारातून तिनं पहिलीचं पुस्तक आणलं, मग दुसरीचं, मग तिसरीचं. एक पाटी आणली. शाळा भरायची चुलीपुढं, कारण दिवसभरात द्वारकाला बूड टेकायला मिळायचं ते भाकरी थापताना. मांडीवर कचरू असायचा. दोन गेल्यावर झालेला म्हणून नाव कचरू ठेवलं, पण नाव काहीही ठेवा, त्याला भुईवर टाकायची हिंमत त्या घरात कोणाची नव्हती. मांडीवर तो, उजव्या हाताला सरपण, पाठीला भिंत. पोरीला बसायला जागा उरायची ती परातीच्या पलीकडं, आईच्या समोर. पुस्तक दोघींच्या मध्ये भुईवर. द्वारका पिठाच्या बोटानं अक्षर दाखवायची, पोरगी ते म्हणायची. मग पाटीवर गिरवायची आणि आई मान न हलवता बघायची. भाकरी झाल्या की पुस्तक फळीवर, पाटी फळीवर, कारण कचरूच्या हाताला लागलं तर अर्धं फाडणार आणि अर्धं खाणार.

पोरगी हुशार निघाली. पाढे तर तिनं निंदताना, शेणानं सारवताना पाठ केले. तिसरीचं पुस्तक घडाघडा वाचायला लागली तेव्हा सासू झुंबरबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "आमची शिवकन्या मास्तरीण व्हनार बघा." झुंबरबाईला स्वतःला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं, पण कौतुकाला कुठं अक्षर लागतं?

त्या साली बद्रीनाथानं सरकीचा प्लॉट घेतला, म्हणजे कंपनीसाठी संकरित बी धरायचं काम. जालन्याच्या बियाण्याच्या कंपनीचा माणूस मोटारसायकलवर येऊन बी देऊन गेला. हे काम मोठं किचकट. श्रावणात कळ्या लागल्या की रोज संध्याकाळी एकेक कळी नखानं सोलायची आणि सकाळी तिला दुसऱ्या झाडाचं फूल घासायचं. याला पोरींचीच बोटं लागतात, असं सगळे म्हणतात, जसं काय पोरांना बोटं नसतात.

"यंदा शिवकन्या प्लॉटावर लागल," बद्रीनाथ जेवताना म्हणाला.

द्वारकाचा हात परातीतच थांबला. "फरशी झाली की शाळेत घालू, आसं तुमीच बोलले व्हते."

"बोललो व्हतो. पण दहा वर्साची घोडी पयलीच्या लेकरांत बसवनार का? गाव हसंल."

"पयलीत कामून? तिसरीचं पुस्तक तिला येतंय. चौथीत बसल ती."

बद्रीनाथानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला, मिशा पुसल्या. तो काही वाईट माणूस नव्हता. हिशेबी होता. "चौथीत बसली तर जाऊ दे तिला. मी बाया लावून प्लॉट करीन. न्हाई बसली तर मंग प्लॉट. पुन्ना रडायचं न्हाई."

"बराबर," द्वारका म्हणाली. तिला वाटलं, बाजी आपण मारली.

शाळा उघडली त्या आठवड्यात तिनं पोरीची वेणी घातली, डोक्याला तेल चोपडलं आणि कचरूला खांद्यावर घेऊन निघाली. काळ्या रानात चिखल असा की चपला हातात घ्याव्या लागल्या. फरशीवर दोघींनी पाय धुतले. पोरगी सारखी विचारत होती, "माय, गुरुजी काय इचारतील?" आणि द्वारका सारखी सांगत होती, "तुला येतंय तेच इचारतील."

हेडमास्तर साहेबराव गुरुजी निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेले जुने खोड. आता निवृत्तीला टेकलेले. त्यांनी शिवकन्येला सतरंजीवर बसवलं. द्वारका समोर दाराशी उभी राहिली. गुरुजींनी तिसरीचं पुस्तक उघडून पोरीच्या पुढ्यात धरलं.

"हं, वाच."

शिवकन्या बघतच राहिली. ओठ हलले, आवाज निघाला नाही. तिनं हात पुढं करून पुस्तक धरलं आणि फिरवायला गेली, तशी गुरुजींनी तिच्या बोटांवर टिचकी मारली. "खेळू नको. वाच."

पोरीनं मान तिरकी केली, अजून तिरकी केली. कानशिलावरून तेल ओघळलं.

"वाच की बाई," द्वारका दारातून म्हणाली. "घरी तर वाचती गुरुजी. घडाघडा वाचती."

"घरी सगळेच वाचतात," गुरुजी म्हणाले. त्यांनी पहिलीचं पुस्तक काढलं. त्यातलं कमळसुद्धा पोरीला सांगता येईना. द्वारकानं दारातूनच पान ओळखलं. हेच पुस्तक. हेच पान. या पानावर तर पिठाचे डाग पाडून पाडून शिकवलेलं. पोरीला नजर लागली, भूल पडली, का वाचा गेली?

"बरं, नाव तरी लिही," म्हणून गुरुजींनी पाटी दिली आणि पोरीच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले.

शिवकन्येनं पाटी गुडघ्यावर घेतली. उजव्या कडेला पेन्सिल टेकली आणि रेघ ओढली ती डावीकडं. मग त्या रेघेच्या डोक्यावर अक्षरं काढायला लागली, उजवीकडून डावीकडं, न थांबता.

गुरुजी हसले. "आरं, ही तर उर्दूवानी लिहायली. घरी मौलवी ठेवला होता का काय, बाई?"

द्वारकाला काही समजेना. तिच्यासमोर पाटी होती आणि पाटीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, शिवकन्या बद्रीनाथ. एक काना मात्रा चुकलेला नव्हता.

"बराबर तर लिवलंय गुरुजी."

गुरुजींनी तिच्याकडं असं बघितलं की लेक तशी आई. मग काय वाटलं कोणास ठाऊक, ते सतरंजीला वळसा घालून द्वारकाच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि खाली बघितलं. बघितलं ते बघतच राहिले. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हिला कुठं बसवून शिकवलं?"

"माझ्यासमोर," द्वारका म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघता निघताच तिला कळलं.

तिनं दाराची चौकट धरली. मांडीवर कचरू, मध्ये परात, पुस्तकाचं तोंड आपल्याकडं. पोरगी पलीकडं. तीन पुस्तकं झाली आणि एकदाही आपल्या डोक्यात आलं नाही की पलीकडून ते कसं दिसत असेल. बाजेवरून डोकं खाली सोडून पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत पडायची आणि आपण ओरडायचो, उलटी लटकू नको, रगत चढंल डोक्यात. ती वाचत होती. अगं माय, ती वाचत होती.

गुरुजींनी पुस्तक उलटं करून पोरीपुढं ठेवलं. शिवकन्येनं एक दम घेतला आणि पान संपेपर्यंत थांबली नाही.

मग जो तमाशा झाला तो सांगायलाही नको वाटतं. गुरुजींनी दुसरे मास्तर बोलावले. मास्तरांच्या मागं शिपाई आला, खिडकीत पोरं जमली. कोणी वर्तमानपत्र आणून उलटं धरलं, पोरीनं तेही वाचलं. एक मास्तर म्हणाला, "हिला सर्कशीत घाला, सोनं होईल." खिडकीतली पोरं खिदळली. हसण्यासारखं काय आहे ते शिवकन्येला कळेना, म्हणून तीही सगळ्यांबरोबर हसली. तेवढं मात्र द्वारकाला बघवलं नाही.

"गुरुजी, रेघ खाली नसते का?" पोरीनं मध्येच विचारलं. "अक्षरं रेघेवर उभी राहत्यात ना?"

"नाही पोरी," गुरुजी म्हणाले. त्यांचं हसू आता ओसरलं होतं. "अक्षरं रेघेला लटकलेली असतात."

शिवकन्येला ते काही पटलं नाही. लटकलेली अक्षरं पडत कशी नाहीत, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"पहिलीत घालतो," गुरुजी द्वारकाला म्हणाले. "डोकं आहे पोरीला, पण चौथीचा पेपर उलटा लिहिला तर तपासणार कोण?"

"पयलीत न्हाई घालायचे तिला. प्लॉटावर घालतील." द्वारकानं पदर तोंडाला लावला. तिला रडायचं नव्हतं, पण आलं. "मी चुकले गुरुजी. तिचा काय गुन्हा? मी सुलटी करते तिला."

गुरुजींनी पाटी उचलून घेतली. "नागपंचमीपर्यंत पट उघडा ठेवतो. सरळ वाचून लिहून दाखवलं तर चौथीत. नाहीतर मला काही सांगू नका."

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा बद्रीनाथाला आधी कळलंच नाही, त्यालाही वाचता येत नव्हतं. मग तिनं पुस्तक हातात देऊन दाखवलं. त्यानं ते फिरवून फिरवून बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी तर रोज पाहत व्हतो," तो म्हणाला. "तुझ्याकडून एक दिसतंय, तिच्याकडून येगळं दिसतंय. मला वाटलं, वाचायचं आसंच आसतंय."

झुंबरबाई कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसली. "मंग मी इतके दिवस गावभर काय सांगत व्हते?"

त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. पण हाय खाऊन भागणार नव्हतं. सकाळी द्वारकानं पुस्तक काढलं, पोरीला शेजारी बसवलं आणि अक्षरांवर बोट ठेवलं. शिवकन्येला सुलटं काही उमगेना. डोळे चोळायची, मान वाकडी करायची. सगळी अक्षरं तिला तोंडावर पडल्यासारखी दिसायची. थोड्या वेळानं डोकं दुखायचं. एकदा तर उंबऱ्यावर जाऊन ओकली. द्वारकानं वैतागून तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी रडली नाही. नुसती म्हणाली, "मंग तू मला उलटं कामून शिकवलं?"

द्वारका उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या अंगाला तोंड लावून रडली. लेकराला दूध म्हणून जे पाजलं ते नासकं निघालं, असं तिला होऊन गेलं.

निंदणीचे दिवस. दोघी दिवसभर पातीला लागलेल्या, कमरेचा काटा ढिला व्हायचा, आणि घरी आलं की चूल आ वासून बसलेली. कचरूला दात येत होते, मांडीवरून हलायला तयार नाही. शेजारी बसून शिकवायचं तर हात अडतो आणि भाकरी करपते. मग द्वारकालाच सुचलं. ती भिंतीपासून पुढं सरकली आणि पोरीला आपल्या पाठीमागं उभी केली. शिवकन्येनं आईच्या गळ्यात हात टाकले, हनुवटी खांद्यावर ठेवली. आता दोघींचे डोळे एकाच बाजूनं पुस्तकाकडं. आईला दिसेल तेच पोरीला दिसणार.

"ह्ये क," द्वारका म्हणाली.

"ह्ये क व्हय?" पोरगी कानात म्हणाली. "माय, पण त्यो तर पडलाय."

"तू पडली व्हतीस. त्यो जाग्यावरच हाय."

वाचन असं हळूहळू यायला लागलं. लिहिणं मात्र पाठीमागून होईना, त्याला शेजारीच बसायला हवं. एका संध्याकाळी बद्रीनाथ रानातून आला, हात धुतले, उभ्या उभ्या मायलेकींची ओढाताण बघितली आणि काही न बोलता कचरूला उचलून बाहेर घेऊन गेला. पोरगं किंचाळलं. तो त्याला खांद्यावर थोपटत अंगणात फेऱ्या घालत राहिला. वाटेनं साळूबाई चालली होती. वस्तीवरची विधवा म्हातारी, तोंडाची फटकळ.

"काय वो बद्रीनाथभाऊ, बाळंतपण तुमीच काढायले काय?"

बद्रीनाथाचे कान तापले. पण त्यानं लेकरू आत नेऊन दिलं नाही. रोज भाकरीच्या वेळी न्यायला लागला. प्लॉटाचं मात्र तो सोडत नव्हता. एकदा पिकाकडं बघत म्हणाला, "कळ्या पंचमीच्या पुढं लागतील. काय व्हायचं ते तवाच व्हऊ दे."

द्वारकानं पोरीला रेघ आधी वर ओढायला लावली, डावीकडून. मग रेघेखाली अक्षर. चुकलं की पुसायचं. फडकं काळं झालं, पोरीचा तळवा काळा झाला. आखाड सरता सरता एक दिवस शिवकन्येनं गुरुजींनी पाटीवर लिहिलं असतं तसं आख्खं वाक्य लिहिलं, सुलटं, आणि स्वतःच दचकून बघत बसली. द्वारकाला वाटलं, देव पावला.

पंचमीच्या आदल्या दिवशी सगळेच निघाले. बद्रीनाथानं कचरूला खांद्यावर घेतलं आणि शाळेच्या व्हरांड्यात लिंबाच्या बाजूला उभा राहिला. आत यायला त्याला लाज वाटत होती का भीती, ते त्यालाच माहीत.

साहेबराव गुरुजी टेबलामागं बसून पट भरत होते. मागल्या वेळेसारखं सतरंजीवर बसवणं नाही. टेबलाच्या अलीकडं शिवकन्या उभी, तिच्या पाठीशी द्वारका. गुरुजींनी पुस्तक पोरीच्या हातात दिलं. तिनं ते सरळ धरलं. पोरगी वाचायला लागली. घडाघडा नाही, पण स्वच्छ. एका जोडाक्षराला अडली, मान तिरकी व्हायला गेली आणि परत सरळ झाली.

"वा," गुरुजी म्हणाले. "चांगली सरळ केलीत हो बाई. आता लिही. आमची शाळा ओढ्याकाठी आहे." पाटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि पटात मान घातली.

शिवकन्या टेबलावर वाकली. द्वारकाला पोरीच्या खांद्यावरून पाटी दिसत होती. पेन्सिल उजव्या कडेला टेकली. रेघ निघाली डावीकडं. आणि रेघेच्या डोक्यावर एकेक अक्षर उभं राहायला लागलं.

द्वारकाला पोरीचा हात धरावासा वाटला. बोलावं तर गुरुजींची मान वर येणार. न बोलावं तर पोरगी तशीच लिहीत चाललेली. घाबरून विसरली. सगळं पाण्यात गेलं. अंगणात घातलेल्या फेऱ्या, साळूबाईचं बोलणं, पाठीतला तो धपाटा, सगळं फुकट. उद्यापासून कळ्या. द्वारकानं डोळे मिटून घेतले.

"झालं गुरुजी," शिवकन्या म्हणाली.

गुरुजींनी पटातून मान वर केली, पाटीकडं बघितलं. बघत राहिले.

"रेघ सरळ," ते म्हणाले. "काना मात्रा बराबर. अक्षर तर आमच्या चौथीच्या पोरांपेक्षा वळणदार आहे." त्यांनी ओलं फडकं घेतलं, पाटी पुसली आणि पटात नाव घातलं. "इयत्ता चौथी. उद्या सुट्टी, परवापासून पाठवा."

द्वारकाला धड नमस्कारही करता आला नाही. ती पोरीचं बखोट धरून बाहेर आली आणि पायरीवर बसली. बद्रीनाथ जवळ आला.

"काय झालं?"

"बसली चौथीत."

तो म्हणाला, "मंग प्लॉटाला आजच बाया सांगाव्या लागतील," आणि कचरूला दुसऱ्या खांद्यावर घेऊन हापशाकडं पाणी प्यायला गेला.

द्वारकानं पोरीला पुढ्यात ओढलं. "उलटं लिवलंस तू. नशीब तुझं, त्यांच्या ध्यानात आलं न्हाई. इसरलीस कशी?"

"इसरले न्हाई," शिवकन्या म्हणाली. "सुलटंच लिवलं. गुरुजी समोर बसले व्हते ना."

"मंग?"

"मंग वाचनार ते हायेत. त्यांच्याकडून सुलटं नको का?" पोरगी आईकडं अशी बघत होती, की एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही. "मी लिवायचे ते तुला भाकरी करता करता, मान न वळवता दिसायचं ना? तसंच त्यांच्याकडून लिवलं."

इतके दिवस द्वारकाला वाटत होतं की आपण पोरीला उलटं शिकवलं. या लेकरानं तर रोज आईच्या बाजूनं लिहिलं होतं, आणि आईनं एकदाही उठून तिच्या बाजूला येऊन बघितलं नव्हतं. तिनं पोरीचे दोन्ही काळे तळवे हातात घेतले.

"आता तुझ्याकडून लिवत जा," ती म्हणाली.

"अन् तुला कसं दिसल?"

"मी उठून येत जाईन तुझ्या बाजूला."